कूलरपुढची लेन्स

पाठीवर पिशवी टाकून कोकणच्या किनाऱ्यानं आठ दिवस चालायचं ठरलं, तेव्हा मी एकावन्न वर्षांची होते आणि माझे वडील, अण्णा, शहात्तरचे. "या वयात त्यांना कुठं फरफटत नेतेस?" असं विचारणाऱ्यांना मी एकच सांगायचे: अण्णा रोज सकाळी छावणीला दोन चकरा मारतात, तुम्ही एक मारून दाखवा. छावणीच्या बाजारातच त्यांचा फोटो स्टुडिओ होता. चाळीस वर्षं त्यांनी जवानांच्या ओळखपत्रांचे फोटो काढले आणि सुट्टीवर आलेल्यांची कुटुंबं पडद्यावर रंगवलेल्या समुद्रापुढं उभी केली. खरा समुद्र त्यांनी एकदाही पाहिलेला नव्हता. तो त्यांना दाखवायचा, एवढाच या सगळ्या खटाटोपाचा हेतू होता.

भांडण सुरू झालं ते सामानावरून. मी स्वभावानं तापट आणि त्यात याद्या करणारी, म्हणजे घरच्यांच्या दृष्टीनं दुहेरी संकट. कॅमेऱ्याचं सगळं सामान मिळून दोन किलोच्या वर जाणार नाही, हा माझा हुकूम होता. दमट उकाड्यात कॅमेऱ्याचं काय होतं हे मी महिनाभर वाचत होते आणि जो भेटेल त्याला ऐकवत होते. एक कॅमेरा, एक झूम लेन्स, दोन सुती फडकी, घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या. चामड्याची पेटी अजिबात नाही, कारण चामडं ओल धरून ठेवतं. एसीच्या खोलीतून बाहेर पडलं की अर्धा तास कॅमेरा पिशवीतून काढायचा नाही, नाहीतर काचेवर धुकं चढतं.

अण्णा माझी व्याख्यानं ऐकून घ्यायचे आणि सामानात त्यांचा लोखंडी स्टँड ठेवून जायचे. मी तो उचलून परत कोपऱ्यात. "हलका स्टँड म्हंजे स्टँडच नव्हं," असं म्हणत ते पुन्हा घेऊन यायचे. असं चार दिवस चाललं.

फक्त एका वस्तूवरून आमचा वाद नव्हता. स्टुडिओतली त्यांची माणसांचे फोटो काढायची जुनी लेन्स, एक रिंग लावली की माझ्या कॅमेऱ्यावर बसायची. तिच्यासाठी मी आनंदानं पाव किलोची सूट दिली होती. पण ती मागितली की अण्णा म्हणायचे, "ती मी भरीन. तू हात लावू नगं." मला वाटलं, जीव आहे तिच्यावर. म्हणून त्यांना न सांगता ती साफ करून आणावी, खूश होतील, असा विचार केला आणि ते फिरायला गेल्यावर डबीतून काढून शहागंजला घेऊन गेले.

तिथं कॅमेरे दुरुस्त करणारे एक चाचा बसतात. त्यांनी लेन्स टॉर्चपुढं धरली आणि मला आत बघायला लावलं. काचेच्या आत लोणच्यावर येते तशी पांढरी बुरशी पसरली होती.

"ताई, कूलर के सामने रखे थे क्या?"

मी म्हणाले, "चाचा, आपल्याकडं अर्ध्या तासात कपडे वाळतात. इथं कसली बुरशी?"

"शहर सूखा है. कूलरवाला कमरा थोडीच सूखा है," ते हसले. "इधर के लोगां का यहीच होता. गर्मी से बचाते, और पानी में रख देते."

उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत तापेल म्हणून कॅमेऱ्याचं कपाट कूलरच्या खोलीत हलवणारी मीच. सगळ्या जगाला कोकणातल्या दमटपणावर उपदेश केला आणि स्वतःच्या घरात कोकण करून ठेवलं!

चाचांनी लेन्स उघडून होती तेवढी बुरशी पुसली. काचेवरचा चकाकी रोखणारा थर मात्र तिनं खाल्ला होता. उजेडाकडं तोंड केलं की फोटो दुधाळ येणार, असं त्यांनी सांगितलं. माझा चेहरा बघून हळूच म्हणाले, "बोल देना, पुरानी चीज है, उमर से होता."

मोह झाला. मी फटकळ म्हणून प्रसिद्ध, पण यावेळी खरं सांगायला जीभ रेटेना. लेन्स गेली म्हटल्यावर अण्णा 'जा तू एकटी' म्हणून बसून राहतील, ही भीती खरी होती. निघायला दोन दिवस उरले होते. शेवटी संध्याकाळच्या चहाला मी लेन्स त्यांच्यापुढं ठेवली आणि कपाट हलवल्यापासून सगळं एका दमात सांगून टाकलं.

अण्णा लेन्स खिडकीकडं धरून बघत राहिले.

"तू कपाटात ठिवली व्हती," ते म्हणाले. "रोज दुपारी काढून कूलरपुढं स्टुलावर मीच मांडायचो. म्हटलं लई उकडतंय, तिला बी जरा गार वारं लागू दे. गणपतीतच दिसली मला बुरशी."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी कप उगाच बशीत फिरवला. "तुला कळलं तर म्हणशील, ज्याला आपली लेन्स सांभाळता येईना, त्याला तिथं कोण सांभाळणार. ठिवशील मला घरी."

मला स्वतःचाच राग आला. गणपतीपासून हा माणूस माझ्या यादीतून आपलं नाव कटेल म्हणून धास्तावून बसला होता, आणि मी पुड्या मोजत होते.

"मग... मी येऊ ना?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, तुमच्यासाठीच तर चाललंय सगळं. तुम्ही नसाल तर मला तिथं काय करायचंय?"

त्यांनी लेन्स सदऱ्याच्या टोकानं पुसली, खरंतर पुसण्यासारखं बाहेरून काही नव्हतंच. मग उठून आत गेले आणि एवढा मोठा फ्लॅश घेऊन आले. "ह्यो बी घे मग."

मी वजन न करता तो पिशवीत टाकला.