टर्बोची वाकडी नळी

मी आर्णीत इंजिनं बांधतो, वीसेक वर्सं झाली. भ्यायचा माणूस नाही मी. पण त्या सकाळचं आठवलं की अजूनही तळहाताले घाम सुटते.

माही लहान बहीण फुलसावंगीकडे देल्ली आहे. जवायाजवळ जुनं, तीन सिलिंडरचं ट्रॅक्टर. त्याईनं सोयाबीन काढायले मोठं थ्रेशर घेतलं, अन् म्हाताऱ्या इंजिनाचा दम पुरेना. काड जरा जास्त पडलं की काळा धूर ओकून बसून जाये. जवाई म्हणाले, "भाऊ, टर्बो बसवून द्या, इंजिनात जास्त हवा कोंबते तो. मोबाइलवर पाह्यलं मी, दीडपट ताकद येते."

मोबाइलवर काय, सारंच येते! बैलाले हत्तीचा खुराक चारला म्हणून तो हत्ती होते काय? पोट फुटते त्याचं. हे मनात आलं, तोंडात नाही. लग्नात माह्या बापानं त्याईचे पाय धुतले, तेव्हापासून आमच्या घरी जवायाच्या शब्दाले कोणी नाही म्हटलं नाही.

मंग त्याईच्या अंगणातच लागलो कामाले. पिस्टन बदलले, लायनर बदलले, हेडले जाड बोल्ट टाकले, पंपाचं डिझल वाढवलं. एक जागा मजबूत केली की जोर दुसऱ्या जागेवर जाये. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं अंग, तं जुनाच होता. रोज घरी जाताना वाटे, आता कोणतं हाड मोडंल याचं?

खरी भीती मात्र एका नळीची होती. टर्बोत तेल जोरानं जाते, पण खाली येते ते आपल्या वजनानं. म्हणून परतीची नळी सरळ खाली पाह्यजे. इथं मधात स्टिअरिंग येत होतं, अन् मी तिले आडवा वाक देल्ला. तेल तुंबलं तं ते इंजिनाच्या हवेत घुसते, हे मले पक्कं ठाऊक होतं. चांगली नळी बनवायले चार दिवस लागले असते. जवाई म्हणाले, "सोयाबीन वाळून राह्यलं भाऊ, उद्याच चालू करू." मी मुंडी हालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याईच्या अंगणात पूजा मांडली. पाटावर नारळ ठेवलं. जवाई सीटवर बसले, बहीण आरतीचं ताट घेऊन इंजिनाच्या बाजूले उभी. एअर फिल्टर लावाचा बाकी होता, हवा आत घेणाऱ्या नळीचं तोंड उघडंच. इंजिन चालू झालं. गरम झाल्यावर जवायानं रेस देल्ली अन् हासून म्हणाले, "पाहा भाऊ, कसं बोलून राह्यलं!"

त्याईनं रेस सोडली. आवाज काही उतरला नाही. चढतच गेला, चढतच गेला. पांढरा-निळा धूर अंगणभर झाला. इंजिन आपलंच तेल पेत होतं.

"बंद करा!" मी बोंबललो. जवायानं बंद करायची दांडी ओढली, पुन्हा ओढली. काही नाही. डिझल तोडून अशा वक्ती काही होत नाही, हवा तोडा लागते. नाही तोडली तं आतला रॉड ब्लॉक फोडून बाहेर येते. अन् बाहेर येते तो बाजूनं, जिथं माही बहीण उभी होती.

"पळ बाई, पळ!"

हवेच्या नळीचं तोंड बंद करायले मले काही सापडेना. हात ठेवला तं हात गेला असता. "फळी! फळी द्या कोणी!" जवाई तं सीटवरून उडी मारून केव्हाच दूर गेलते. बहीण पळाली नाही. तिनं ताट टाकलं, नारळ लोटलं, पाट उचलला अन् इंजिनाजवळ आली. अगदी जवळ. मी तो पाट हिसकला, नळीच्या तोंडावर दाबला, छातीनं रेटला. इंजिन थरथरलं, दोन आचके देल्ले अन् बंद पडलं.

कानात नुसती शिट्टी वाजत होती. कुंकू साऱ्या मातीत सांडलं होतं.

जवाई हळूच जवळ आले. म्हणाले, "काय बिघडलं भाऊ?"

"तेलाची नळी वाकडी आहे," मी म्हटलं.

"मंग सरळ करा. परवा पुन्हा पाहू."

बहीण माह्याकडे पाहून राह्यलती. "दादा, तुले आधी माहीत होतं काय?"

खोटं बोलता आलं असतं. "हाव," म्हटलं.

"मंग काहून नाही बोलला?"

"जवाई आहेत ना, बाई. कसं बोलू?"

"अन् मी कोण आहो तुही?"

मी पाना घेतला अन् टर्बोचे नट खोलायले बसलो. टर्बो तापलेला होता, दोन बोटं भाजली. "अहो, थंडा तं होऊ द्या," जवाई म्हणाले, "अन् काढता कायले? नळीच बदला."

"नाही," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा.

पण तोवर बहीण घरात निघून गेलती.