बांधलेले पाय आणि आंबागडचा चढ

"आंबागडच्या अलीकडचा चढ न उतरता चढून दाखव आई, नाही तर सायकल विकतो," पोराने जेवताना ठरवून टाकलं. "दर खेपेले तू तिथं उतरून पायी जाते. वय झालं तुझं." मी सकाळी निघाले. सोबत नात, स्वाती. नागपूरला शिकते आणि तिथल्या सायकलवाल्यांत फिरते.

आंधळगाव सोडलं की रस्ता चांगला आहे, दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. सकाळी गारठा असतो, शाल घ्या. पुढचे खड्डे रस्त्यापेक्षा जुने आहेत.

स्वातीचे बूट पायडलमध्ये खटकन अडकतात. टाच बाहेर फिरवली की सुटतात म्हणे.

"पाय अडकला की वर ओढूनही जोर लावता येते, आजी."

"मंग मांगं काहून राहिली?"

"तुह्यासाठी हळू चालवून राहिली."

टपरीवर पोहे खायला थांबलो. मी पाय टेकला. बाईसाहेब टाच फिरवायची विसरल्या आणि सायकलीसकट तणसीच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या ढिगावर आडव्या झाल्या. टपरीवाला झारा हातात धरून म्हणाला, "पोरी, बाकडं इकडं हाये." पोह्यांवर तर्री मागून घ्या, नुसते कोरडे लागतात.

खड्ड्यांत माझी चप्पल पायडलवरून सटकत होती, हे मात्र खरं. म्हणून टपरीवाल्याकडून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घेतल्या. स्वातीने माझे पाय पायडलला बांधले आणि सायकल धरून मला ढकलून दिलं.

चढ सुरू होतो तिथेच माझ्या भासऱ्यांचं, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचं घर. दारात खाट टाकून बसतात. आमच्यात भासऱ्यांसमोर सुनेने सायकलवर बसू नये, त्यांच्याशी बोलूही नये. म्हणून ते दिसले की मी उतरते, डोक्यावर पदर घेते, सायकल ढकलत पुढे जाते. ऐन चढाच्या तोंडाशी उतरल्यावर पुन्हा बसायचा जोर कुठून आणायचा? पोराला हे कधी सुचलं नाही. मीही सांगितलं नाही.

भासरे खाटेवर होतेच. उतरायला गेले, तर पाय सुटेना. थांबले असते तर त्यांच्या पुढ्यात लोळले असते. पदर दाताखाली धरला आणि तशीच गेले. धाप लागली, पण चढ संपला.

"पाह्य, पट्टीचा फायदा," स्वाती म्हणाली.

"पट्टीनं जोर नाही देल्ला व. उतरू नाही देल्लं."

परतताना पाय मोकळे होते. भासऱ्यांचं घर आलं तशी उतरून, पदर घेऊन चालले. त्यांनी स्वातीला हाक मारली. "तुही आजी चढली का व?"

"चढली, आजोबा."

"मले वाटे, बाईले चढ झेपत नाही म्हून उतरते. बसून जाय म्हणणार होतो. पण सुनेशी बोलावं कसं?"

मी पदरात हसले. इतकी वर्षं मी दिलेला मान त्यांना दम लागल्यासारखा दिसत होता.

सायकल न विकता घरीच राहिली. पाय बांधावे का, असं कोणी विचारलं तर सांगते : खड्ड्यात पाय सटकत नाही, तेवढा फायदा खरा. जास्तीचा जोर मला दिसला नाही. स्वातीचं कोपर सुजलं, तरी अडकणाऱ्या बुटांचा तिचा हट्ट कायम आहे.

परवा पुन्हा गेले, पाय मोकळे ठेवून. भासऱ्यांनी मला लांबूनच पाहिलं आणि कूस बदलून तोंड भिंतीकडे केलं. त्यांनी पाहिलंच नाही, तर मी उतरू कोणासाठी?