आमच्या घराला कपडे होते

आमच्या डोंबिवलीच्या घरात उघडी अशी वस्तू नव्हती. फोनला टोपी, टीव्हीला मधोमध उघडणारा पडदा, मिक्सरला परकर. फ्रिजच्या दांड्याला हातमोजा. गॅसच्या सिलिंडरला तीन झालरींचा गुलाबी झगा. नवा सिलिंडर आला की त्याला झगा चढवल्याशिवाय सासूबाई चहा टाकत नसत. सगळं त्यांच्या हातचं: क्रोशा, लोकर, जुन्या साड्यांचे काठ. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मला सारखं वाटायचं, आता टेप घेऊन माझंही माप घेणार.

हसत लिहिते आहे, कारण ते दिवस हसण्याचेच होते. पण लिहायला बसले ते एका वाक्यासाठी. ते वाक्य मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. दुपारची बॅच आणि संध्याकाळची बॅच यांच्यामध्ये तास-दीड तास मोकळा असायचा, तो मी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत घालवायला लागले. घरी सांगायचे, क्लासची तयारी करते. कसली तयारी! इंटरनेटवर कुणी रस्त्यात सापडलेल्या एकेकट्या हातमोज्यांचे फोटो लावले होते, प्रत्येकाला नाव देऊन. कुणी आपल्या बोक्याच्या झोपण्याच्या तऱ्हा नोंदवल्या होत्या. एकाने स्वतःच्या घरातल्या डुगडुगणाऱ्या खुर्च्यांचं संग्रहालय उघडलं होतं, कुठली किती डुगडुगते याच्या वर्णनासकट. एकेक फोटो वरून खाली, पडदा सोडावा तसा उतरायचा, आणि मी तोंडावर रुमाल धरून हसायचे. म्हणजे जगात इतके रिकामटेकडे, इतके हुशार आणि इतके वेडे लोक होते, आणि ते सगळे एकमेकांना सापडले होते! मला आत शिरायचं होतं. त्यासाठी आपल्याकडेही काहीतरी विचित्र हवं.

ते तर माझ्याकडे घरभर होतं.

नवऱ्याच्या कॅमेऱ्यात उरलेला अर्धा रोल मी सासूबाई भिशीला गेल्या असताना संपवला. फोटो धुऊन आणले, कॅफेत स्कॅन केले आणि इंटरनेटवर मिळणाऱ्या फुकटच्या जागेवर स्वतःचं पान उघडलं. मागे लुकलुकणारे तारे, खाली किती जण आले ते मोजणारा आकडा, आणि प्रत्येक फोटोखाली इंग्रजीत एक ओळ. सिलिंडरखाली लिहिलं, हा फार लाजाळू आहे, कृपया टक लावून पाहू नये. फोनखाली लिहिलं, याला सर्दी होते. अशा सगळ्या ओळी. त्यांचं मला आजही काही वाटत नाही.

शेवटचा फोटो आरशाचा होता.

हा आरसा सासऱ्यांचा, दाढीचा. पॅसेजच्या खिडकीशी इतका उंच टांगलेला की त्यांच्याशिवाय कुणाचं तोंड त्यात दिसतच नसे. माझ्या लग्नाच्या दोन वर्षं आधी ते गेले. सासूबाईंनी आरसा खाली घेतला नाही, त्याच्यावर पांढऱ्या दोऱ्याची जाळी विणून सोडली, कडेला बारीक मणी. हे मला माहीत होतं. आल्याआल्याच नवऱ्याने सांगितलं होतं. माहीत असून मी त्याखाली लिहिलं: ‘आरसा. आपण काय काय विणलंय ते मालकीणबाईंच्या नजरेस पडू नये, म्हणून झाकलेला.’

त्या वाक्यावर मी इतकी खूश झाले की कॅफेतून चालत घरी येताना दोनदा एकटीच हसले.

आणि मग ईमेलवर पत्रं यायला लागली! मला वाटलं होतं, लोक माझ्याबरोबर हसतील. हसलेही. पण कॅनडातल्या एका आजोबांनी लिहिलं, माझी आजी टोस्टरला स्वेटर घालायची, पन्नास वर्षांनी आठवली. हॉलंडमधल्या डिझाइन शिकणाऱ्या मुलीने तीन पानं लिहिली. तिच्या गावात एका कलाकार बाईने अख्खं स्वयंपाकघर लोकरीत विणून प्रदर्शनात मांडलं होतं म्हणे, आणि लोक हात मागे बांधून गंभीरपणे बघत होते. तिने विचारलं होतं, ‘तुमच्या बाई प्रदर्शन कधी भरवणार?’ आणि ब्राझीलहून एका बाईने नुसता फोटो पाठवला. फोटो पडद्यासारखा खाली उतरायला लागला. आधी स्टोव्ह दिसला, मग शेजारी काहीतरी फुलाफुलांचं. सिलिंडर! झालरीच्या झग्यात!

मी खुर्चीतून उठलेच. हे आतल्या आत ठेवणं शक्य नव्हतं. घरी जाऊन सांगून टाकलं.

“तिकडेही झगा?” सासूबाईंनी हातातली सुई खाली ठेवली. “झालरी किती?”

“दोन, आई.”

“दोनच?” त्या समाधानाने म्हणाल्या. “चल, दाखव मला.”

“आत्ता?”

“मग काय, मुहूर्त काढू?”

ओळी बदलायला एक दिवस मागून घ्यायला हवा होता. सुचलं नाही. इस्त्रीची साडी नेसून, पर्समध्ये चष्मा घेऊन त्या माझ्या आधी जिना उतरल्या.

कॅफेवाल्याने स्वतः खुर्ची पुसली. “काकू, आमच्या माउसलाही एक टोपी करा ना.” सासूबाईंनी माउस उचलला, उलटा केला, वितीने मोजला आणि म्हणाल्या, “शेपटीला वेगळं लागेल.” सगळा कॅफे हसला, त्याही हसल्या. मी पान उघडलं. आपलं घर काचेत बघून त्यांनी दोन्ही हात गालांना लावले. इंग्रजी त्यांना अक्षरं लावण्यापुरतं यायचं, अर्थ मलाच विचारत होत्या. सिलिंडरची ओळ मी खरी सांगितली. “लाजाळू!” त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. फोनचीही खरी सांगितली. मग आरसा आला, आणि त्या हसायच्या थांबल्या.

“यांचाही लावलास?” हळूच म्हणाल्या. “काय लिहिलंयस?”

“लिहिलंय,” मी म्हटलं, “हा आरसा घरातल्या सगळ्यात उंच माणसाचा आहे.”

त्या खुर्ची ओढून काचेजवळ सरकल्या. मग म्हणाल्या, “इंग्रजीत वाच ना एकदा. यांच्याबद्दल इंग्रजीत कसं वाटतं ते ऐकू दे.”

आणि मी वाचलं. पानावर होतं तेच वाक्य, अक्षरन् अक्षर, हळू आणि गोड आवाजात. काचेकडे बघून त्यांनी हात जोडले. “छान वाटतं गं,” म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी क्लास बुडवून मी ओळ बदलली. जे खोटं सांगितलं होतं तेच लिहिलं. म्हणजे खोटं उरलंच नाही, अशी स्वतःची समजूत घातली. पुढे ती फुकटची जागा बंद झाली, पान गेलं. सासूबाईंनी हॉलंडच्या मुलीला पोस्टाने चहादाणीचा अंगरखा पाठवला, तिने तो घालून काढलेला स्वतःचा फोटो पाठवला, टोपी म्हणून! वर्षभर भिशीत दुसरा विषय नव्हता. त्या जितक्या आनंदात, तितकी मी गप्प.

आता त्यांचं वय पंच्याऐंशीच्या पुढे आहे. गेल्या महिन्यात दुपारी त्यांच्या पायांना तेल लावता लावता मी सांगितलं. सगळं, मराठीत, जसं होतं तसं.

त्या आधी फसकन हसल्या. “नजरेस पडू नये म्हणून! अगं, ते असते ना, तर हेच म्हणाले असते.” मग हसू गेलं. पाय माझ्या मांडीवरून काढून घेतला. “चेष्टेचं काही नाही. पण मी हात जोडले, तेव्हा तू शेजारीच बसली होतीस.”

“हो.”

“आणि काही बोलली नाहीस.”

“नाही बोलले, आई.”

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

“वाच,” म्हणाल्या. “तेव्हा वाचलंस तसंच. इंग्रजीत.”

मी वाचलं. पाठच होतं. आवाज काही गोड निघाला नाही. त्यांनी डोळे मिटून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “छान नाहीये.”

आणि पाय पुन्हा माझ्या मांडीवर ठेवला.