तुपात वनस्पती असेल तर

तो तास आठवला की अजूनही माझं डोकं तडकतं.

चिंचवडच्या शाळेत आम्ही मॅट्रिकच्या वर्गात होतो. वडिलांना पिंपरीच्या नव्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून आम्ही साताऱ्याहून आलेलो. वर्गात बरीचशी मुलं आसपासच्या शेतकऱ्यांची आणि काही पिंपरीच्या निर्वासित छावणीतली, सिंधी. वाणिज्याच्या मास्तरांनी एकदा विचारलं, "दुकानदाराच्या साजूक तुपात वनस्पती तूप, डालडा, मिसळलेलं आहे. गिऱ्हाइकानं विचारलं नाही, तर त्यानं आपणहून सांगावं का?"

भोसरीचा एकजण म्हणाला, "वळखीच्याला सांगावं. गावात त्वांड दाखवायचं आसतं. परक्याला कशाला?"

"व्यवहारी आहेस," मास्तर हसले.

मी म्हणालो, विचारल्यावर खोटं बोलू नये, पण आपणहून सांगायची गरज नाही. आमच्या नोकरदार घरात एवढंच शिकवलेलं. मास्तरांनी मान डोलावली.

मग माझ्याच बाकावरचा, छावणीतला मुलगा उठला. शब्द जुळवत म्हणाला, "सगळ्यांना सांगावं. इथं आमच्या ओळखीचं कोणीच नाही. माझ्या बापानं एकाला फसवलं, तर लोक म्हणणार, सगळी छावणी चोर."

"वा! म्हणजे आता तुम्ही लोक आम्हाला सचोटी शिकवणार?" मास्तर म्हणाले. सगळा वर्ग खिदळला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी उठून विचारलं, "मास्तर, त्यात हसण्यासारखं काय होतं?"

मास्तरांनी दोघांनाही बाहेर काढलं.

व्हरांड्यात तो माझ्यावरच उखडला. "तू कशाला उठलास? तुला काही होणार नाही. हात माझ्या बापाला जोडावे लागतील."

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील हेडमास्तरांच्या दारात उभे होते. सायकलवर कापडाचे गठ्ठे लादून ते गावोगाव फिरत. त्या दिवशीचा धंदा बुडवून आले होते. त्यांनी माफी मागितली, मुलालाही मागायला लावली. कसली माफी? खरं बोलल्याची? माझ्या वडिलांना तर कुणी बोलावलंसुद्धा नाही. मी घरी सांगितलं, तर म्हणाले, "त्यांच्या भानगडीत तू पडू नकोस."

त्यानंतर त्या तासाला तो कधी बोलला नाही. काहीही विचारलं तरी "माहीत नाही" म्हणून खाली बसायचा. मास्तर त्याला मठ्ठ म्हणायचे, आणि वर्ग तेव्हाही हसायचा.