मातीच्या डब्यातली भुजली

आमच्या मागच्या खोलीला खिडकी नाही. आधी तिथं धानाची पोती असायची. मग पुण्याकडची एक शास्त्रज्ञ पोरगी आली आणि म्हणाली, आजी, मला अशीच खोली पाहिजे. लोक भाड्याच्या खोलीत उजेड मागतात, हिनं अंधार मागितला. मी म्हटलं, घे बाई, आमच्याकडं भरपूर आहे.

तिचं काम मातीचं. उन्हाळ्यात, नांगर लागायच्या आधी, तिनं आमच्या बांधीतली, म्हणजे धानाच्या वाफ्यातली, आणि धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, माती आणली, काड्या-मुळं वेचली, चाळणीनं चाळली, डब्यांत भरली आणि शेवाळ धरू नये म्हणून अंधाऱ्या खोलीत ठेवली. त्या मातीत म्हणे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते कुजकं पान-मूळ खातात आणि आपल्यासारखाच श्वास सोडतात. त्या श्वासातून मातीतला कार्बन हवेत जातो. किती जातो आणि किती मातीत टिकतो, ते ती मोजायची. डब्याला झाकण, झाकणाला नळी, नळीला यंत्र. मी कान लावून पाहिला, काही ऐकू आलं नाही. तरी रोज विचारायची, काय म्हणते माती, दम लागला का तिला? तीही सांगायची, नाही आजी, आज निवांत आहे.

श्रावणात ती चार दिवस घरी गेली आणि इकडं घोळ झाला. आता नागपंचमीला आमच्याकडं बायका भुजली पेरतात. चाळलेल्या मातीत गहू टाकायचा आणि अंधारात ठेवायचा, म्हणजे कोंब पिवळेधमक येतात. राखीच्या दुसऱ्या दिवशी बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर, नेऊन धुवायचे आणि एकमेकींच्या कानावर खोचायचे. माझी मोठी जाऊ दरसाल त्यासाठी अंधारा कोपरा शोधत फिरते. त्या साली तिला अख्खी अंधारी खोली सापडली, वर चाळलेली माती, तीही तयार डब्यात. तिनं धुऱ्याच्या मातीच्या एका डब्यात गहू पेरला, पाणी शिंपडलं आणि कोणाला काही बोलली नाही.

पोरगी परत आली, झाकण उघडलं, तर आत पिवळेधमक कोंब. गव्हाची मुळंही श्वास सोडतात, म्हणजे कोणाचा किती हे कळणार कसं? तशी कोरडी माती पुन्हा मिळायची ती पुढच्या उन्हाळ्यात. एक डबा बिघडला की सगळा हिशेब बिघडतो, सगळं वर्ष पाण्यात.

जाऊ दारात उभी. "अंधार खोली, चाळलेली माती. भुजलीसाठी नाही तं कायले ठेवली होती?"

पोरीनं तिला समजावलं, मुळं कोवळी आहेत, आज उपटली तर डबा वाचेल. उपटायचं नाव निघताच जाऊनं उंबऱ्यावर बसकणच मारली. भुजली बोडीवर नेल्याबिगर मोडत नसतात, म्हणाली. इकडं पोरीचे डोळे भरले, तिकडं जाऊचे ओठ आवळलेले, आणि मधे मी.

मी जाऊला म्हटलं, "बाई, आपण धानाचे कोवळे पऱ्हे उपटून रोवतो तं धान मरते का? भुजलीची रोवणी करू."

जाऊ उंबऱ्यावरून उठली. रोवणीला ती नाही कशी म्हणणार? जन्म त्यातच गेला.

मग पळसाच्या पानांच्या दोन्यांत बोडीचा चिखल घेऊन आम्ही तिघी बसलो. जाऊ कोंब उचलायची, पोरगी बारीक ब्रशनं मुळाची माती डब्यात झाडायची, मी दोन्यात रोवायची. पोरगी एक कण सांडू देईना. जाऊ म्हणाली, सोनाराच्या दुकानातही येवढं झाडत नाहीत. रोवणीत आम्ही मागं मागं सरकतो ना, तशी ती सवयीनं सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली, तेव्हा कुठं पोरगी हसली.

पहिल्या मोजणीला मात्र माती जोरात धापा टाकत होती. पोरगी ताट सोडून यंत्रापाशीच बसून राहिली. पुढच्या मोजणीला धाप कमी झाली, त्याच्या पुढच्या वेळी तो डबा शेजारच्या डब्यांसारखाच श्वास घेऊ लागला. वर्ष वाचलं. पण झालं ते लिहावं लागेल, ती म्हणाली, लपवून चालत नाही.

शोधनिबंध तयार झाल्यावर जाऊनं तो पोरीकडून मराठीत समजावून घेतला. त्यात एवढंच होतं, की या डब्यात काही दिवस गहू उगवला होता, तो मुळांसकट काढला.

"आन पेरला कोणं?"

"तसं लिहीत नाहीत, मोठ्या आजी."

"मंग वाचणाऱ्याले काय वाटन? गहू आपल्या मनानं येऊन बसला डब्यात?"

पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, माझ्याकडं काय बघतेस, बरोबर तर विचारून राहिली ती.