अण्णांचा बरोबर पासवर्ड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही – आणि त्याला तर मी शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजून सांगते. तुम्हाला का सांगतेय, ते विचारू नका.

आधी अण्णांबद्दल. अण्णा म्हणजे माझे वडील. पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर मशीनच्या भागांची ड्रॉइंग काढली. निवृत्त झाल्यावरही तिथली माणसं फोन करायची, जुन्या प्रेसच्या शाफ्टचं माप विचारायला. अण्णा घेवडा निवडता निवडता आकडा सांगायचे, फोन ठेवायचे आणि कपाळावर टिचकी मारून माझ्याकडे बघायचे. काय तो तोरा! मला फार आवडायचा.

आई गेल्यावर मी त्यांना लॅपटॉप घेऊन दिला. तिचे सगळे फोटो त्यात घातले आणि थेट हार्ड डिस्कलाच पासवर्ड लावला. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात मी दिवसभर लोकांना हेच शिकवते ना – मग बापापुढे मिरवायला नको? लॅपटॉप सुरू केला की काळ्या पडद्यावर आधी हा पासवर्ड मागतो. तीनदा चुकला की दार बंद, मशीन बंद करून पुन्हा पहिल्यापासून. पासवर्ड अण्णांनीच ठरवला : आईचं नाव आणि त्यांच्या लग्नाची तारीख. "हे विसरलो तर मी कसला नवरा गं," म्हणाले.

पुढे माझा लॅपटॉप बिघडला, म्हणून त्यांचा आठवडाभर नेला. ऑफिसच्या फायली ठेवायच्या होत्या, म्हणून पासवर्ड बदलून माझा घातला. परत देताना पुन्हा बदलायचा राहिला. इथपर्यंत नुसता वेंधळेपणा. इथेच थांबलं असतं तर – पण कुठलं थांबायला!

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, उघडत नाही म्हणून. बेळ्ळंदूरहून बनशंकरीला त्यांच्या घरी पोचेपर्यंत दीड तास गेला, डोकं तापलेलं. समोरच्या अक्का बिसिबेळे भाताचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांच्यादेखत मी दारातूनच सुरू झाले, की एवढं साधं लक्षात राहत नाही का, वय झालं आता तुमचं. अण्णा एका बोटानं टाइप करत होते, अक्षर न् अक्षर पुटपुटत. चूक. पुन्हा. चूक. "स्वल्प थांब गं," म्हणाले, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा टाइप केलं. चूक.

आणि तेव्हा मला आठवलं.

एक वाक्य पुरलं असतं. अण्णा, मीच बदलला. अवघड होतं का काही? पण एवढं तोंडसुख घेऊन झाल्यावर, अक्कांसमोर – नाही जमलं. मी लॅपटॉप माझ्याकडे वळवला, बंद करून चालू केला, त्यांना बोटं दिसू नयेत अशी पाठ केली आणि माझा पासवर्ड टाकला. उघडला. मग मी म्हणाले – हो, मीच म्हणाले – "बघा, तोच तर आहे. तारीख चुकवत होता तुम्ही."

अण्णा पडद्याकडे बघत राहिले. पडद्यावर आई होती. "आमच्या लग्नाची?" एवढंच त्यांनी विचारलं. मी मान हलवली.

"सरी. बरं," म्हणाले.

त्याच दिवशी मी पासवर्ड काढून टाकला, आता काही लक्षात ठेवायला नको म्हणून. त्यांनी मला थँक्यू म्हटलं हो! आपल्या घरात कोण कुणाला थँक्यू म्हणतं?

याला तीन वर्षं झाली. कारखान्यातून अजून कधी फोन येतो. अण्णा म्हणतात, नक्की सांगता येत नाही, ड्रॉइंग काढून बघा. खिशात एक छोटी वही असते – दूधवाल्याचं नाव, गॅसचा नंबर, माझा वाढदिवस. त्यांना काहीही झालेलं नाही, डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय. अण्णांचा विश्वास डॉक्टरांवर नाही. माझ्यावर आहे.

सांगायला हजार दिवस होते. प्रत्येक रविवारी मी त्यांच्यासमोर बसून जेवते.

परवा त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. आदल्या दिवशी सकाळीच गेले, तर आईच्या फोटोला ताजा हार. टेबलावर लग्नपत्रिका उघडी, शेजारी वही. मी हाराकडे बघतेय हे पाहून अण्णा ओशाळले. म्हणाले, "उद्याच आहे ना गं? पत्रिकेत बघितलं मी. पण माझं काही खरं नाही, म्हणून आजही घातला, उद्याही घालीन."

"उद्याच, अण्णा," मी म्हणाले.

त्यांनी वहीत त्या तारखेवर बरोबरची खूण केली. "तू आहेस म्हणून बरं," म्हणाले, आणि मला कॉफी करायला आत गेले.