पाथरीसाठी पिंपळगाव

आई महिनाभराच्या आजारातून उठली, पण तोंडाला चव येईना. एक दिवस म्हणाली, माहेरच्या बांधावरची पाथरी मिळाली तर अर्धी भाकरी खाईन. पाथरी म्हणजे पावसाळ्यात आपोआप उगवणारी रानभाजी. धुऊन कच्चीच खायची, तेल-मीठ आणि शेंगदाण्याचा कूट घालून. पुण्यात काय भाज्यांचा दुष्काळ आहे का, म्हणून मी कुरकुरले. मग ऑगस्टमधल्या एका शनिवारी पहाटे निघालेच.

जालन्याहून भोकरदनची एसटी पकडा, बायकांना अर्धं तिकीट आहे. रस्त्याला खड्डे आहेत, पण कंबर शाबूत राहते. स्टँडबाहेर गरम भजी खाऊन घ्या. तिथून आईच्या माहेरची, म्हणजे पिंपळगाव रेणुकाईची जीप मिळते, भरल्याशिवाय हलत नाही. देवीचं दर्शन मी आधी उरकलं, कारण मामीकडे एकदा बसलं की उठणं अवघड.

दुपारी मामी मला वावरात घेऊन गेली. दोन्हीकडे कपाशी आणि खालची जमीन अंगण झाडावं तशी साफ. हे बियाणं तणनाशक सोसतं, मामी सांगत होती. फवारलं की बाकी सगळं मरतं, कपाशी तेवढी उभी राहते. त्याला सरकारची परवानगी नाही, म्हणून लोक 'चोर बीटी' म्हणतात आणि तरी पेरतात. पूर्वी खुरपणाऱ्या बायका संध्याकाळी ओटीत भाजी घेऊन जायच्या. आता खुरपायला कुणी मिळत नाही.

मी मधमाश्या, माती, विहिरीचं पाणी असं बरंच वाचलेलं ऐकवलं. मामीने ऐकून घेतलं.

"बराबर हाय तुझं. मंग उद्या खुरपायला येतीस का?"

तेवढ्यात बांधावर पाथरी दिसली, चांगली हिरवीगार, कोवळी. मी वाकले तर मामीने मनगटच धरलं.

"ती न्हाई, बाई. काल फवारलंय. चार दिसांनी वाळंल, आज हिरवीच दिसती."

मला खरंच भीती वाटली. मी ती पिशवीत भरून आजारी माणसाला कच्ची खाऊ घातली असती.

मामीने मग विहिरीमागचा खाटेएवढा तुकडा दाखवला. तिथे ती फवारणीचा पंप नेऊ देत नाही, स्वतः खुरपते. घरच्या खाण्यापुरतं, म्हणाली. तिथली सगळी पाथरी तिने खुडून मला दिली.

रविवारी आईने अर्धी नाही, अख्खी भाकरी खाल्ली. मध्येच थांबून तिने विचारलं, "बांधावरचीच ना?"

मी हो म्हणाले आणि तिच्या ताटात उरलेली पानं वाढली.